वजनाचा कागद

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गावच्या रस्त्याबद्दल दिल्या जाणाऱ्या निवेदनांचा मजकूर जवळपास ठरलेला असतो. रस्त्याची चाळण झाली आहे, डंपरची वर्दळ दिवसरात्र चालू आहे, साईडपट्ट्या खचल्या आहेत, मोरी बसली आहे. शाळेची मुले, आजारी माणसे, बाळंतपणाच्या बाया यांचे हाल होतात. तरी खड्डे तातडीने भरावेत, अन्यथा ग्रामस्थांना रास्ता रोको करावा लागेल. खाली सरपंचांची सही, ग्रामपंचायतीचा शिक्का, कोपऱ्यात कार्यालयाची पोच आणि आवक क्रमांक. यातला शब्द न् शब्द खरा असतो. उत्तर येते तेव्हा तेही दोनपैकी एका साच्यातले असते. एक, निधी उपलब्ध होताच काम हाती घेण्यात येईल. दोन, सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

या निवेदनांत एक गोष्ट मात्र सहसा नसते. रस्ता किती वजनासाठी बांधला होता आणि प्रत्यक्षात त्यावरून किती वजन गेले, याचा हिशेब. आणि माझ्या मते सगळे अडते ते तिथेच. गावचा रस्ता मोडतो त्याचा निर्णय खड्डा पडण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. वेगळ्या टेबलावर, वेगळ्या कागदावर. त्या कागदाला हात न घालणाऱ्या तक्रारीला फार तर दोन गाड्या मुरूम मिळतो, आणि तो पहिल्या पावसात वाहून जातो. हे आजचेच आहे असेही नाही. या दोन तालुक्यांतून परक्याचा माल जाण्याला दोन हजार वर्षे झाली आहेत आणि त्या वाहतुकीचा खर्च कुणी सोसला याचे कागद निदान दीडशे वर्षांचे उपलब्ध आहेत. ते ओळीने लावून पाहिले तर आजच्या तक्रारीचे दुखणे नेमके कुठे आहे ते कळते.

सगळ्यांत जुना कागद दगडाचा आहे. मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला. घाटात पुढे एक मोठा दगडी रांजण आहे आणि त्यात व्यापाऱ्यांकडून जकातीची नाणी टाकून घेत, असे परंपरा सांगते. लेखात जकातीचा उल्लेख नाही. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे आहेत. एवढी संपत्ती ज्या घाटावर कोरून ठेवावीशी वाटली तो घाट व्यापाराचा हमरस्ता होता, इतके त्यावरून नक्की म्हणता येते. कल्याण बंदराचे नाव 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रंथाच्या ग्रीक लेखकालाही ठाऊक होते. कल्याणहून घाटावर जाणारा माल मुरबाडच्या माळावरून जाई, हा या भूमीचा मूळ धर्म आहे. माल इथला नसतो, वाट इथली असते.

बैलांच्या पाठीवरून मीठ वर आणि धान्य खाली नेणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांनी वाट तुडवली, पण मोडली नाही. चाक आले आणि प्रश्न बदलला.

ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, १८८२ साली दोन भागांत निघाले. त्या सुमाराच्या नोंदींतून रेल्वेच्या तारखा नीट मिळतात. वाशिंदपर्यंत गाडी १ ऑक्टोबर १८५५ ला आली. आसनगावला ६ फेब्रुवारी १८६० ला. कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ ला. आणि इगतपुरीला १ जानेवारी १८६५ ला. मधल्या त्या चार वर्षांकडे मला वाचकाचे लक्ष वेधायचे आहे. थळ घाटाचा चढ बांधायला अवघड होता. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या आखणीनुसार सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण, तेरा बोगदे आणि जागोजागी ३७ फुटांना एक फूट असा उतार. तो पुरा होईपर्यंत रेल्वे कसाऱ्याला येऊन थांबत होती, आणि घाटावर खानदेशाच्या दिशेने दुसरा तुकडा पुढे सरकत होता. मधला दुवा होता तो आग्रा रस्त्याचा घाट.

आता या तारखांशेजारी आणखी दोन तारखा ठेवू. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ला सुरू झाले आणि १८६५ ला संपले. त्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे मुंबईच्या इतिहासातला सर्वांत तेजीचा माल ज्या चार वर्षांत घाट उतरत होता, नेमक्या त्याच चार वर्षांत शहापूरच्या डोक्यावरचा रेल्वेचा दुवा जोडलेला नव्हता. खानदेश-वऱ्हाडच्या गाठी त्या टप्प्यात बैलगाडीवरच आल्या असणार. आणि त्याच रस्त्यावरून बोगद्यांसाठी लागणारे सामान वर जात असणार. हा निष्कर्ष तारखांवरून काढलेला आहे, पण त्याला पर्याय दिसत नाही. बांधकामाचे वजन आणि तयार मालाचे वजन एकाच वेळी एकाच रस्त्यावर. शहापूरकरांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

या रस्त्यांना पैसे कुणी दिले? इथे कागद अगदी स्पष्ट बोलतो. मुंबई सरकारने १८६० च्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा उपकर बसवला आणि १८६९ च्या लोकल फंड कायद्याने त्याला कायम रूप दिले. त्या एक आण्याचे दोन हिस्से रस्ते आणि लोकोपयोगी कामांना, एक हिस्सा शाळांना. कल्पना चांगलीच होती. त्यातूनच पुढे १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा आला आणि जिल्हा, तालुका अशी बोर्डे उभी राहिली. पण उपकर बसला तो जमिनीवर. मुरबाडच्या भातखाचराचा धारा भरणारा कुणबी आणि आग्रीच रस्त्याच्या निधीत आणा घालत होता. त्याच्या बांधाजवळून कापूस नेणारा व्यापारी त्या आण्यात नव्हता. व्यापाऱ्याकडून घ्यायचे ते टोलनाक्यावर, आणि त्यासाठी १८७५ चा टोल कायदा झाला. टोल मोठ्या रस्त्यावर असतो. मोठ्या रस्त्याला जाऊन मिळणाऱ्या गावरस्त्यावर नसतो. एकोणिसाव्या शतकात पडलेली ही विभागणी आजही जशीच्या तशी आहे: मोठ्या रस्त्याची झीज वाहनाकडून वसूल होते, छोट्या रस्त्याची झीज गावाच्या आणि जिल्ह्याच्या सर्वसाधारण निधीतून भागवायची.

त्याच काळात इंग्लंडमध्ये याच प्रश्नाला एक वेगळे उत्तर दिले गेले, आणि ते मला फार मोलाचे वाटते. तिथे वाफेवर चालणारी अवजड यंत्रे खाणींचा दगड आणि लाकूड खेडोपाडीच्या रस्त्यांवरून नेऊ लागली होती. रस्ते फुटले की खर्च आसपासच्या परगण्यातल्या करदात्यांवर पडे. १८७८ च्या हायवेज अँड लोकोमोटिव्हज कायद्याच्या २३ व्या कलमाने ठरवले की, एखाद्या रस्त्यावर अतिवजनामुळे किंवा असाधारण वाहतुकीमुळे जादा खर्च करावा लागला, तर तो ज्याच्या हुकमाने ती वाहतूक झाली त्याच्याकडून वसूल करता येईल. गाडीवानाकडून नव्हे, हुकूम देणाऱ्याकडून. वसुलीची पद्धतही कलमातच होती. रस्त्याच्या सर्व्हेयरने दाखला द्यायचा. शेजारच्या तशाच रस्त्यांच्या दुरुस्तीचा सरासरी खर्च किती, या रस्त्याचा किती, आणि फरक किती. बस्स. त्या एका कागदावर खटला उभा राहत असे. हे तत्त्व आजही ब्रिटनच्या १९८० च्या हायवेज कायद्यात ५९ वे कलम म्हणून टिकून आहे.

शेजारच्या रस्त्याशी तुलना ही त्यातली खरी युक्ती. शहापूरच्या एखाद्या गावाला आपला रस्ता वाईट आहे हे सिद्ध करून काही मिळत नाही. सगळेच रस्ते वाईट आहेत, असे उत्तर तयार असते. पण त्याच वर्षी, त्याच योजनेतून, त्याच पावसात शेजारी झालेला रस्ता शाबूत आहे आणि क्रशरकडे जाणारा हा रस्ता उखडला आहे, हे दाखवता आले तर पावसावर आणि डांबरावर बोट दाखवता येत नाही.

विसाव्या शतकातले कागद झटपट पाहू. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२८ साली सांगितले की रस्त्यांचा भार प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीपलीकडे गेला आहे आणि तो देशाचा प्रश्न मानावा. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. मोटार चालवणाऱ्याने रस्त्याला पैसे द्यावेत, हे तत्त्व देशपातळीवर मान्य झाले ते तेव्हा. मग १९४३ च्या डिसेंबरात नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने रस्त्यांच्या पाच प्रती ठरवल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आताचे राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. आज मुरबाडच्या तक्रारदारापुढे 'हा रस्ता कुणाचा' हा प्रश्न जो घोळ घालतो, त्याचा उगम या यादीत आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. आज इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्याखेरीज राष्ट्रीय महामार्ग, रस्ते विकास महामंडळ, वन विभाग, एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेच्या जलवाहिनीलगतचे रस्ते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारा रस्ता एका यंत्रणेचा, शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली दुसऱ्या यंत्रणेचा, त्या दोघांना जोडणारा गावचा फाटा तिसरीचा. डंपर मात्र एकाच फेरीत तिन्ही रस्ते तुडवतो.

दरम्यान शहापूरने मुंबईला पाणी दिले. तानसा धरण १८९२ चे, मोडक सागर १९५० च्या दशकातले, भातसा १९८० च्या दशकातले. प्रत्येक धरणाने आपापल्या काळात दगड, चुना, सिमेंट आणि नळ या रस्त्यांवरूनच नेले. मग मुरबाडला औद्योगिक वसाहत आली, आसनगावात कारखाने आले, पडघ्यापासून भिवंडीपर्यंत गोदामांची रांग लागली. आणि अखेर समृद्धी महामार्ग. इगतपुरी ते आमणे हा त्याचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. शहापूर तालुक्यातले डोंगर फोडून, सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे खोदून आणि दऱ्यांवर उंच पूल उभारून तो झाला. त्या कामाचे वजन केवढे होते याची कल्पना सरळांबे गावाने दिली. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ मधल्या रात्री तिथे पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जणांचा जीव गेला. ते सगळे पोट भरायला दूरवरून आलेले कामगार आणि तंत्रज्ञ होते. त्या यंत्राचे भाग, ते गर्डर, त्यांच्यासाठीची खडी आणि सिमेंट हे सगळे महामार्ग तयार होण्याआधी तिथे पोचले होते. महामार्ग नव्हता, तेव्हा पोचायला होते ते आधीचे रस्ते.

आता वजनाकडे येऊ, कारण इथे अंदाजाने बोलायची गरज नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक सतत फिरवले गेले. रस्ता कोणत्या वजनाला किती दिवसांत फुटतो हे मोजायचे होते. निष्कर्ष असा निघाला की झीज वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, सुमारे वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरचे वजन दुप्पट झाले तर झीज सोळापट. या चाचणीत मापदंड म्हणून १८ हजार पौंडांचा आस धरला होता. त्याचे ८.१६ टन होतात, आणि भारतातल्या रस्त्यांचे गणितही याच ८.१६ टनांवर मांडलेले आहे. आपल्याकडे चार चाकांच्या एका आसावर कायद्याने परवानगीही तेवढीच होती. १९८३ मध्ये ती १०.२ टन झाली. २०१८ मध्ये ११.५ टन. आकडे लहान दिसतात. चौथा घात लावला की १०.२ टनांचा आस मूळच्या अडीचपट झीज करतो आणि ११.५ टनांचा जवळजवळ चौपट. म्हणजे एकही गाडी नियमबाह्य न भरता, नुसत्या नियमातल्या बदलाने गावच्या रस्त्यावरची एक फेरी चार फेऱ्यांच्या बरोबरीची झाली.

गावचा रस्ता किती फेऱ्यांसाठी असतो? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ साली. कमी वर्दळीच्या डांबरी रस्त्यांची जाडी ठरवण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची २००७ ची जी पुस्तिका होती, तिच्यात रस्त्यांचे टी-१ ते टी-७ असे गट होते. सगळ्यांत हलका गट दहा वर्षांत १० हजार ते ३० हजार प्रमाण, म्हणजे ८.१६ टनांच्या, आसांचा, त्यापुढचा ३० ते ६० हजारांचा, असे चढत सातवा गट दहा लाखांपर्यंत जात होता. दिवसाला एसटीच्या दोन-चार फेऱ्या, काही टेम्पो, भाताच्या हंगामात ट्रॅक्टर, एवढीच वर्दळ असलेल्या पाड्याचा रस्ता खालच्या गटांत बसतो. आता समजा या रस्त्याच्या टोकाला क्रशर आला आणि दिवसाला ५० भरलेले डंपर बाहेर पडू लागले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १५ हजार फेऱ्या. प्रत्येक फेरी कायद्यात बसणारी मानली तरी मागच्या आसांची झीज चौपट, म्हणजे ६० हजार प्रमाण आस. दुसऱ्या गटातल्या रस्त्याचे दहा वर्षांचे आयुष्य एका वर्षात संपले. ठेकेदाराने डांबरात चोरी केली नसेल, अभियंत्याने डोळेझाक केली नसेल, तरीही.

आणि गाड्या कायद्यात बसत नाहीत. इथे एक साधी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. दगड, खडी, मुरूम यांची रॉयल्टी आणि वाहतुकीची पावती ब्रासच्या हिशेबात असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. रस्त्याचा हिशेब टनांत असतो. तक्रार करणारा गाड्या मोजतो. तीन कार्यालयांची तीन मापे, त्यामुळे पावती हातात असूनही ती कुणी रस्त्याच्या मापाशी लावून पाहत नाही. लावून पाहू. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. दहा चाकी डंपरला एकूण २८.५ टनांची मुभा आहे. रिकाम्या गाडीचे दहा-अकरा टन वजा केले तर मालाला सतरा-अठरा टन उरतात, म्हणजे जेमतेम चार ब्रास. त्याच गाडीत सहा ब्रास भरले तर माल दीडपट होतो आणि मागच्या जोड आसांवरची झीज तिपटीहून जास्त वाढते. पावतीवर सहा ब्रास लिहिलेले असेल, तर ती पावती महसुलाच्या दृष्टीने चोख असते आणि रस्त्याच्या दृष्टीने गुन्ह्याचा कबुलीजबाब असते. सरकारचा एक हात तिच्यावर रॉयल्टी घेतो, दुसऱ्या हाताला ती दिसत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम वजनाची मर्यादा घालते, ११४ वे गाडी काट्यावर नेण्याचा अधिकार देते. १९४ व्या कलमाखाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन प्रकरणात ९ नोव्हेंबर २००५ ला बजावले की नुसता दंड घेऊन जादा भाराची गाडी पुढे सोडता येणार नाही, माल उतरवूनच घ्यावा लागेल. दंड भरून तोच भार पुढच्या गावाच्या रस्त्यावर नेणे म्हणजे रस्ता मोडण्याचा परवाना विकत घेणे, हे न्यायालयाला कळले होते. आणि ११५ वे कलम. रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्वरूपामुळे विशिष्ट रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार त्यात आहे. बंदी महिनाभराहून अधिक ठेवायची असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. हे कलम आपल्याकडे घाटात दरड आली, पूल धोकादायक झाला, सण आला की वापरले जाते. आठ टनांच्या आसासाठी बांधलेला रस्ता साडेअकरा टनांच्या आसाला मोकळा असावा का, हा प्रश्नही त्याच कलमात बसतो. निवेदनात 'खड्डे भरावेत' याऐवजी 'या रस्त्यावर इतक्या टनांवरील वाहनांना कलम ११५ खाली निर्बंध घालावेत' अशी मागणी आली, तर उत्तर देणारे कार्यालय बदलते आणि निधीचे कारणही संपते. बंदीला निधी लागत नाही.

उच्च न्यायालयातले कागदही आता गावाच्या बाजूने आहेत. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले, त्यावरून स्वाधिकार जनहित याचिका क्रमांक ७१ उभी राहिली. २० मे २०१५ च्या अंतरिम आदेशात आणि १२ एप्रिल २०१८ च्या निकालात न्यायालयाने सुस्थितीतला रस्ता हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि तक्रारी नोंदवण्याची, त्यांवरील कार्यवाही कळवण्याची व्यवस्था उभारायला सांगितले. ती पुरेशी पाळली गेली नाही, म्हणून १३ ऑक्टोबर २०२५ ला पुढचा आदेश झाला: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख, आणि भरपाई ठरवणाऱ्या समित्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. हा आदेश मोलाचा आहे. तरी तो माणूस पडल्यानंतरचा आहे. मुरबाडच्या पाड्यावरची बाई दुचाकीवरून पडायच्या आधीचा कागद कोणता, हा माझा प्रश्न आहे.

तो कागद सापडतो, आणि तो या दोन तालुक्यांना खास लागू आहे. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रे ठरली. त्यात शहापूर हा संपूर्ण तालुका आहे आणि मुरबाडची ७७ गावे आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केली. महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये केले. शिफारस मागायला फाईल गावात येते, तो क्षण महत्त्वाचा. तोवर एकही डंपर सुटलेला नसतो. ग्रामसभेने त्या दिवशी ठरावात लिहावे की वाहतूक कोणत्या रस्त्याने होईल, तो रस्ता कोणत्या यंत्रणेचा आणि कोणत्या गटाचा आहे, गाडीत जास्तीत जास्त किती ब्रास आणि किती टन भरले जातील, शाळेच्या वेळेत वाहतूक बंद राहील का, आणि झीज झाली तर दुरुस्ती कोण करील. गावाने घातलेली अट परवान्यात उतरली की पुढची तक्रार विनवणी राहत नाही, ती अटभंगाची नोंद होते. जिथे परवाना आधीच दिला गेला आहे तिथे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणकामाची झळ लागलेल्या भागासाठी ते जिल्ह्याजिल्ह्यांत स्थापन झाले, आणि त्याच्या निधीतला काही हिस्सा रस्त्यांसारख्या कामांवर खर्च करता येतो.

यासाठी लागणारी माहिती मिळवणे वाटते तितके अवघड नाही. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर लांबी, खर्च, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीची मुदत लिहिलेली असते. त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण फलक रस्त्याच्याही आधी नाहीसा होतो. रस्ता कुणाचा हे कळत नसेल तर तक्रार करण्याआधी माहितीचा अर्ज टाकावा. तक्रारीवर 'आमच्या अखत्यारीत नाही' असे लिहून कार्यालय मोकळे होते, पण माहिती अधिकाराच्या कलम ६(३) खाली चुकीच्या कार्यालयाने अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, आणि तो कुठे पाठवला हे अर्जदाराला कळवायचे असते. त्या एका पत्रातून मालक सापडतो. त्याच अर्जात रस्त्याचा रचना गट, गेल्या पाच वर्षांतला दुरुस्तीखर्च, आणि तुलनेसाठी शेजारच्या त्याच गटातल्या रस्त्याचा दुरुस्तीखर्च मागावा. दुसरा अर्ज तहसील कार्यालयात: कोणत्या गटनंबरात किती ब्रासचा परवाना, किती मुदतीचा. तिसरे काम गावाने स्वतः करायचे. फाट्यावर बसून आठवडाभर भरलेल्या गाड्यांची वही ठेवायची, तारीख, वेळ, चाकांची संख्या. शाळेतली मोठी मुलेही ती ठेवू शकतात.

हे तीन कागद एकत्र जोडून तालुका लोकशाही दिनाला, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, तहसीलदारांपुढे ठेवता येतात; तिथे सुटले नाही तर पहिल्या सोमवारी ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांपुढे. विषयाच्या ओळीत रस्त्याचा क्रमांक, रचना गट आणि टनांचा आकडा लिहावा. प्रत जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्यांना, परिवहन कार्यालयाला आणि, विसरू नये अशी, परवाना ज्या टेबलावरून सुटला त्या टेबलाला. २००५ च्या दफ्तरदिरंगाईच्या कायद्याप्रमाणे फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये; म्हणून प्रत्येक प्रतीवर वेगळा आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि आठव्या दिवशी त्या क्रमांकाने फाईल कुठे आहे ते विचारायला जावे.